पंधरा झोळ्यांची ओसरी

आमच्या घराची आणि शाळेची भिंत एकच होती. अलीकडे आमच्या दोन खोल्या, पलीकडे मुलींच्या शाळेची एक लांबट खोली आणि तिच्यापुढे लाकडी खांबांची ओसरी. भिंत मातीची, त्यामुळे इकडचं तिकडे सगळं ऐकू जाई. आई शाळेत कविता म्हणवून घेत असली की मी चुलीपुढे बसून ती पाठ करत असे, आणि मी भाकर करपवली की वास आईला पलीकडे आधी लागत असे. गाव सोनाळ्याहून दोन कोसांवर. परसदारी उभं राहिलं की सातपुडा दिसायचा आणि पुढच्या दारी उभं राहिलं की पिंजाऱ्याचं घर. दिवाळीनंतर नवा कापूस आला की त्या घरातून दिवसभर पिंजायच्या कमानीचा आवाज यायचा, ठ्यांव, ठ्यांव, ठ्यांव. आम्हाला त्याची इतकी सवय होती की तो थांबला तरच लक्ष जाई.

बाबा मलकापूरला एका कापसाच्या जिनात तोलाईचे कारकून होते. जिनाचा भोंगा वाजे तोवर त्यांची नोकरी. होळीच्या सुमारास भोंगा बंद झाला की बाबा पिशवी घेऊन घरी येत आणि पुढच्या हंगामापर्यंत कुणाची चिठ्ठीचपाटी लिहून देत. घर बारा महिने चालायचं ते आईच्या पगारावर. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाबांना त्याचं काही वाटत नसे, हे मला आज विशेष वाटतं. खाणं साधं. सकाळी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चं तेल. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी. पाहुणा आला तर मुगवड्या. मी एकुलती एक, वय बारा, नाव विमल, पण वऱ्हाडात ‘वि’चा ‘इ’ व्हायला वेळ लागत नाही, म्हणून सगळ्यांची इमली.

आई त्या गावची पहिली शिकलेली बाई. अमरावतीकडे ट्रेनिंग करून आलेली. शाळेत ती पुस्तकी मराठी बोलायची आणि भिंतीच्या अलीकडे आली की लगेच ‘काऊन वं इमले’ सुरू. शाळा चौथीपर्यंत होती आणि शिकवायला ती एकटी. तिचा एक नियम मात्र कडक होता. कडेवर पोर घेऊन शाळेत यायचं नाही. आता हा नियम का लागला ते सांगायला हवं. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या बायका सूर्य उगवायच्या आत शेतावर जात. घरी राहायची थोरली मुलगी, आणि तिच्या कडेवर धाकटं भावंड. काही मुली त्या भावंडासकट शाळेत येत. आई त्यांना दारातूनच परत पाठवी. ती म्हणायची, एक पोर रडलं की चाळीस डोळे पाटीवरून उठतात. आणि म्हणायची, शाळा ही पोरं सांभाळायची जागा नव्हे. ज्या हातात पाटी त्या हातात पोर नको. तिचं चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

परत पाठवलेल्या मुलींची यादी मी ठेवत असे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला याद्या आवडत. घरात डबे किती, त्यांतले किती रिकामे, सोनाळ्याच्या बाजारातून काय आणायचं, सगळ्याच्या याद्या. माझी नात हसते, पण माझ्या कपाटाच्या दाराला आतून आजही तीन याद्या लावलेल्या आहेत आणि तिची औषधं मीच वेळेवर देते. तर त्या यादीत चौदा नावं झाली होती आणि पहिलं नाव जैबुनचं होतं. जैबुन समोरच्या अमिनाबीची मुलगी. गणितात माझ्यापेक्षा वरचढ. तिचा भाऊ इस्माईल जन्मला, सहा महिन्यांचा झाला, अमिनाबी नवऱ्याबरोबर कापूस पिंजायला बसू लागली आणि जैबुनची शाळा सुटली. परत जाताना ती दारात म्हणाली होती, “बाई, हा रडत नाई. लई गरीब पोरगा आहे.” आई म्हणाली, “आज रडत नाही, उद्या रडेल.” जैबुन गेली. मी नाव लिहिलं.

त्याच वर्षी आईला दिवस गेले. माझ्यानंतर बारा वर्षांनी. गावातल्या बायका आनंदल्या, ओटीत भाजीपाला टाकू लागल्या. आई हसून घ्यायची, पण एकटी असली की भिंतीवरच्या पंचांगापुढे उभी राहून बोटं मोजायची. ती काय मोजत होती ते मला हळूहळू कळलं. ती अजून नोकरीत कायम नव्हती. चार वर्षं झाली होती, येत्या माघात तपासणी व्हायची आणि मग कायम. बाळंतपणाची रजा मिळे, पण बिनपगारी आणि सहाच आठवडे; त्याहून एक दिवस वर झाला तर राजीनामा दिला असं धरत. शिवाय शाळेत पंचवीस मुली भरल्या नाहीत तर शाळा बंद करून उरलेल्या मुली मुलांच्या शाळेत पाठवायच्या, असा वरच्या ऑफिसचा हुकूम होता. मुलांच्या शाळेत कुणी आपली मुलगी पाठवणार नव्हतं, हे ऑफिस सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आणि एक गोष्ट तिने त्या वेळी मला सांगितली नाही, पुढे कधीतरी सांगितली. तिला मलकापूरच्या एका मुलींच्या शाळेत जागा मिळत होती. मोठी शाळा, पाच शिक्षिका, पगार जास्त, आणि बाबा तिथेच. तिघं एका घरात राहिलो असतो. पत्र आलं तेव्हा तिला सातवा लागला होता. तिने दोन महिने थांबायची विनंती केली. उत्तर आलं की जागा भरली. तिने ते पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. डब्यांच्या माझ्या यादीत ते कधी आलं नाही, कारण मी डबे मोजायची, उचलायची नाही.

कार्तिकात कुसुम झाली. बाबा दोन दिवसांसाठी आले, पोरीला हातात घेऊन “आपली तोलाई बरोबर आहे, पक्की तीन शेर,” म्हणाले आणि परत गेले. पगार बंद होता, त्यामुळे डिंकाच्या लाडवांत डिंक शोधावा लागत होता. शाळा बंद ठेवायची नाही म्हणून मुलांच्या शाळेचे हेडगुरुजी रोज सकाळी येऊन हजेरीवर सही करत आणि निघून जात. शिकवायची मी. चौथी पास झाले होते, आणि आई पलीकडे खाटेवर पडून सगळं ऐकत होती. पाढा चुकला की भिंतीवर पळीचा आवाज येई. एकदा टक्, म्हणजे पुन्हा म्हणा. दोनदा टक् टक्, म्हणजे इमले, तूच चुकलीस. मुली आधी घाबरत, मग मुद्दाम चुकू लागल्या. पण मुली होत्याच किती? वेचणी जोरात होती. अठरा होत्या त्या चौदा झाल्या, चौदाच्या नऊ. संध्याकाळी आई विचारायची, “किती?” मी आकडा सांगायची आणि ती कुसुमकडे बघायची.

सहा आठवडे झाले त्याच दिवशी आई शाळेत गेली. ठरलं होतं असं की मी घरी राहून कुसुमला सांभाळायचं. मला वाईट वाटलं का? वाटलं. मी शाळेतच बसून आईकडून पाचवीचं गणित शिकत होते, ते सुटलं. पण आईची नोकरी गेली तर आम्हाला मलकापूरला बाबांच्या भाड्याच्या खोलीत जावं लागणार होतं आणि तिथे मी कायमचीच घरी बसणार होते, एवढा हिशेब मला कळत होता. पहिल्या दिवशी दहा वाजता कुसुम भुकेने रडू लागली. गुळाचं पाणी दिलं, थुंकली. खांद्यावर घेतलं, फिरवलं, रडणं वाढलं. शेवटी मी तिला कडेवर घेतलं आणि शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले.

आई फळ्याशी होती. तिने वळून पाहिलं. नऊ मुलींनी पाहिलं. आईच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग हळूहळू मोठे होत होते, तिने पदर ओढून घेतला. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि ती थांबली. मग पुस्तकी मराठीत म्हणाली, “घरी जा. मधल्या सुट्टीत येते.”

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. मधल्या सुट्टीत ती धावत यायची, पण तोवर कुसुम रडून रडून झोपलेली असायची. दूध कमी होऊ लागलं. आईचा ताप दोन दिवस उतरला नाही. मी तिला रागाने म्हटलं, “तुह्याच शाळेत तुह्या पोरीले काऊन येऊ देत नाईस?” ती म्हणाली, “चौदा पोरीयले परत पाठवलं न मी. आता माही आली तं काय तोंडानं घेऊ?”

चौथ्या दिवशी कुसुम रडत होती आणि मला जाणवलं की कमानीचा आवाज थांबला आहे. अमिनाबी दारात उभी होती, केसांत कापसाचा भुगा, कडेवर इस्माईल. “आन इकडं,” ती म्हणाली आणि माझ्या हातून पोर घेतलंसुद्धा. इस्माईलला तिने माझ्या मांडीवर ठेवलं, खाटेवर बसली आणि कुसुमला पाजू लागली. कुसुम दोनदा ठसकली, मग जी लागली ती सोडेना. “पाहा, कशी पिऊन राह्यली. दुष्काळातलं वासरू हाय जसं,” अमिनाबी म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. पिऊन झाल्यावर अमिनाबीने तिला खांद्यावर थोपटलं, इस्माईलला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तशीच दोन्ही पोरं घेऊन शाळेत गेली. मी मागे. जैबुन आमच्या मागे.

“बाई,” अमिनाबी दारातून म्हणाली, “हे घ्या तुमची. पाजली म्या. माह्या इस्माईलची दूधबहीण झाली आता. आमच्यात मंग त्यायचं लगन नाई होत. एक नवरदेव कमी झाला तुमच्या पोरीले!”

मुली हसल्या. आईही हसली असती, पण अमिनाबी थांबली नाही. “अन् एक सांगा मले. तुमची पोरगी तिकडं उपाशी, माही जैबुन इकडं बिनशाळेची. हा कायदा केला तरी कोनासाठी तुमी? सायबाचा हाय का?”

“नाही,” आई म्हणाली. “माझाच आहे.”

“मंग मोडाले कोनाले इचारा लागते?”

आईने कुसुमला घेतलं. तशीच, पोर कडेवर घेऊन, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित तिने लिहून पूर्ण केलं. जैबुन दारातच उभी होती. आईने उत्तर न लिहिता खडू तिच्यापुढे धरला. जैबुनने इस्माईलला अमिनाबीकडून घेतलं, तिच्याइतक्याच सफाईने कडेवर टाकलं आणि उत्तर लिहिलं. बरोबर होतं.

संध्याकाळी आईने मला विचारलं, “ते परत पाठवलेल्या पोरीयची यादी हाय का तुह्यापाशी?” मी वही काढली. तिने कुसुमला पोटाशी बांधलं आणि आम्ही निघालो. चौदा घरं, तीन संध्याकाळी. शिक्षिका माणूस कुणाच्या दारी जाऊन चुकलं म्हणतं, हे त्या गावाने तोवर पाहिलं नव्हतं. आई प्रत्येक दारात एकच सांगायची, “मुलगी पाठवा. पोरासकट पाठवा.” काही घरी चहा मिळाला, काही घरी टोमणे. एका बाईने तर सूप पाखडता पाखडता वर न बघता म्हटलं, “काऊन, आता सोताच्या कडेवर आलं तवा कळलं का वजन?” आई म्हणाली, “हाव. आत्ता कळलं.” त्या बाईने सूप खाली ठेवलं आणि आम्हाला बसायला पोतं दिलं. तिची मुलगी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली.

ओसरीच्या आढ्याला झोळ्या बांधल्या. ज्या घरून पोर, त्या घरून लुगडं आणि दावं. अमिनाबीच्या नवऱ्याने पिंजताना पडलेला चुरा कापूस भरून पातळ गाद्या करून दिल्या. झोळ्या हलवायला गोदामाय आली. ही आमच्या गल्लीतली एकटी म्हातारी, पाठीतून वाकलेली, शेतात नेईनात म्हणून घरी बसलेली. तिला द्यायला आईजवळ काही नव्हतं. मग ठरलं की प्रत्येक मुलीने पोरामागे रोज मूठभर ज्वारी आणायची. गोदामायने दोन दोऱ्या अशा बांधल्या की एकीला ओढा दिला की सात झोळ्या हलत आणि दुसरीला दिला की आठ. पोरं रडत नसत असं नाही. पण आई म्हणत होती तसं झालं नाही. ज्या मुलीचं पोर तीच उठे, बाकीच्या लिहीत राहत. ज्यांना पाजायला हवं होतं त्यांच्या आया शेतावरून दुपारी येऊन ओसरीतच टेकत, आणि आतला धडा कानावर पडे तो ऐकत. त्यांतल्या दोघी पुढे सही करायला शिकल्या. आमच्या वेळी याला काही नाव नव्हतं. आज माझ्या सुनेच्या ऑफिसात पाळणाघर आहे आणि त्याचं तिला फार कौतुक वाटतं; मी ऐकून घेते.

पौष संपता संपता मुली सव्वीस झाल्या. आणि इथे मी घोटाळा केला.

शाळेच्या दाराबाहेर एक लहान फळा असे. त्याच्यावर रोज पट आणि हजर असे आकडे लिहायचे. ते काम माझं. गोदामायला कोणतं पोर कुणाचं ते कळावं म्हणून आईने मला पोरांची नावंही लिहून ठेवायला सांगितलं होतं, ती मी माझ्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे लिहिली. जैबुन, इस्माईल. सरस्वती, दगडू. अशी. आणि बेरीज करताना मी सगळ्यांची केली. शाळेत येतात, दिवसभर राहतात, मग हजर नाहीत तर काय, असं माझं बारा वर्षांचं डोकं. फळ्यावर मी रोज ऐटीत एक्केचाळीस लिहिलं. आई घराच्या बाजूच्या दाराने शाळेत जायची, बाहेरचा फळा तिने कधी पाहिला नाही. तिच्या हजेरीबुकात सव्वीसच होते. पण महिन्याचं पत्रक मुलांच्या शाळेच्या टपालातून जायचं, आणि हेडगुरुजींनी जाता जाता फळ्यावरचा आकडा त्यात उतरवून टाकला. मागच्या महिन्यात नऊ आणि या महिन्यात एक्केचाळीस. वरच्या ऑफिसात कुणाच्या तरी भुवया वर गेल्या असणार. कारण माघाअखेर व्हायची तपासणी माघ लागताच आली, न कळवता.

इन्स्पेक्टरीणबाई शेगावहून बैलांच्या दमणीत बसून आल्या. उंच, चष्मा, पांढरं पातळ. ओसरीत शिरताना त्यांनी फळा वाचला, झोळ्या पाहिल्या, नाकाला रुमाल लावला आणि आत येऊन न बसताच म्हणाल्या, “बाहेर ही काय जत्रा भरली आहे?” आईने सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांचं बोट मुलींवरून फिरू लागलं होतं. सव्वीस. त्यांनी हजेरीबुक मागितलं. सव्वीस. मग पिशवीतून महिन्याचं पत्रक काढलं.

“हजेरीबुकात सव्वीस. फळ्यावर एक्केचाळीस. पत्रकात एक्केचाळीस. बाई, यातलं खरं कोणतं?”

आईचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता. खोटी हजेरी म्हणजे त्याच दिवशी नोकरी गेली, हे शाळेतल्या लहान मुलीलाही माहीत होतं. ती म्हणाली, “सव्वीस.”

“मग पंधरा मुली कुठे आहेत?”

मी उठले. “मुली नाहीत,” मी म्हटलं. “पोरं आहेत. ओसरीत. मी धरली.” आणि वही पुढे केली.

त्यांनी वही उघडली. वाचता वाचता चष्मा पुढे घेतला. “इस्माईल. गजानन. दगडू.” वर पाहिलं. “मुलींच्या शाळेत दगडू?”

“हजर,” सरस्वती सवयीने म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. इन्स्पेक्टरीणबाई हसल्या नाहीत. वही घेऊन ओसरीत गेल्या आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या. आतून त्या त्या मुली ‘हजर’ म्हणत, आणि बाहेर गोदामाय झोळीचा काठ वर करून पोर दाखवी. “हे इस्माईल घ्या. हे गजानन, झोपला. हे दगडू, याले नका घेऊ, ओला हाय.” पंधराही नावं झाली. शेवटचं कुसुमचं. “ही माझी,” आई म्हणाली.

“तुम्हाला या कामाचं काय मिळतं?” त्यांनी गोदामायला विचारलं.

“पोरामागं मूठभर जवारी, माय. अन् घरी बसल्यापक्षा बरं.”

त्या आत येऊन बसल्या. पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि माझ्या वहीतल्या पंधरा नावांवर एकेक रेघ ओढली. मग माझ्याकडे पाहिलं. “ही कोण?”

“माझी मुलगी.”

“चौथी झाली?”

“हो.”

“मग हीसुद्धा धरता येत नाही.” हजेरीबुकातल्या माझ्या नावावर लाल रेघ आली. “पंचवीस.” त्यांनी पुन्हा मोजलं. आम्ही सगळ्या त्यांच्या बोटाकडे बघत होतो. “पंचवीस,” त्या म्हणाल्या, “पुरतात.” मग दीड तास त्यांनी परीक्षा घेतली, काही सोडलं नाही. जैबुनला व्याजाचं गणित घातलं आणि ती सोडवत असताना दोनदा ओसरीकडे पाहिलं. निघताना आईला एवढंच विचारलं, “रजा बिनपगारी होती ना? अशा रजेने नोकरीत खंड पडतो. माहीत आहे?” आई म्हणाली, “माहीत आहे.” शेरा त्यांनी इंग्रजीत लिहिला होता, गावात कुणाला वाचता येईना.

पत्र शिमग्याच्या आधी आलं. आईने ते चुलीपुढे बसून वाचलं, मग मला वाचायला दिलं. शाळा चालू राहील. ओसरीचा वापर मुलींच्या हजेरीस पोषक आढळला, सबब हरकत नाही. शिक्षिका कायम. नोकरी रजेनंतरच्या दिवसापासून धरण्यात येईल. त्यापूर्वीची चार वर्षं हिशेबात घेता येणार नाहीत.

ती चार वर्षं कधीच परत मिळाली नाहीत. तिच्यानंतर लागलेल्या बाया तिच्या आधी वर गेल्या, आणि शेवटी पेन्शनच्या कागदावरही चार वर्षं कमीच निघाली. मी पुढे अकोल्याला नोकरीला लागले. माझ्या बाळंतपणात मला पगार मिळाला, पण बढतीची परीक्षा नेमकी त्याच महिन्यात झाली आणि माझ्या हाताखालचा माणूस माझा साहेब झाला. तो चांगला होता, त्याची तक्रार नाही. पण कुसुमची किंमत काय पडली असं आईला कुणी विचारलं असतं तर तिला नेमकं सांगता आलं असतं, आणि माझ्या मुलाची मलाही सांगता येते. सांगता येते म्हणून ती जास्त वाटते असं मात्र नाही. किंमत कोणी मागितली ते तेवढं लक्षात ठेवावं. पोरांनी मागितली नव्हती.

त्या दिवशी पत्र माझ्या हातात होतं आणि मला धड आनंद करता येईना. आई “चार वर्सं गेली,” एवढंच म्हणाली. मग कुसुम रडू लागली, तिने तिला मांडीवर घेतलं, पदराखाली लावलं आणि मला म्हणाली, “इमले, कोरा कागद आन. अन् दौत.”

मला वाटलं ती त्या चार वर्षांसाठी अर्ज करणार. मी पाट ओढून तिच्यापुढे ठेवला, त्यावर कागद. तिने उजव्या हातात टाक घेतला, डाव्या हातात कुसुमचं डोकं. लिहिता लिहिता ती मोठ्याने म्हणत होती, पुस्तकी मराठीत. सदर शाळेत चौथी उत्तीर्ण झालेली एक मुलगी पटाबाहेर बसून शिकत आहे. येत्या वर्षी आणखी तिघी उत्तीर्ण होतील. तरी पाचवीचा वर्ग उघडण्यास परवानगी असावी.

“परवानगी देतीन?” मी विचारलं.

“नाई देल्ली तं पुन्हा लिहीन,” ती म्हणाली. “आता मी कायम हावो.”

टाक कागदात अडकत होता, कारण एका हाताने लिहिताना कागद सरकत होता. ती लिहीत होती, कुसुम पीत होती, आणि कागद हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.